थापकाकांची पाटी

मी पाटी बोलतेय. खरं म्हणजे पाटी बोलत नसते. तिच्यावर दुसरे बोलून जातात आणि ओल्या फडक्याने पुसून मोकळे होतात. बारा वर्षं मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, आज माझी पाळी. घाई नसेल तर बसा जरा. घाई असेल तर पायातलं काढून काकांकडे द्या, ते टाके घालेपर्यंत माझं सांगून होईल.

माझं अंग दगडाचं आणि चौकट लाकडाची. कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही बारा जणी एकत्र बांधलेल्या होतो आणि मी सगळ्यात खाली. अकरा बहिणींचं वजन माझ्या डाव्या कोपऱ्यावर आलं आणि तो कोपरा तेव्हाच टिचला. माझ्या जातीच्या बहुतेक जणी शाळेत जातात. मी गेले नाही. पाटी असून शाळेची पायरी चढले नाही, हे सांगताना पूर्वी मला लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण ज्यांच्याकडे मी गेले तेही चढले नव्हते.

आम्हाला एका सरकारी कचेरीत नेलं. ऐकू न येणाऱ्या बारा माणसांना एकेक पाटी द्यायची, असा बेत होता. बेत चांगला होता हो, मी नावं ठेवणार नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला लिहून दाखवावं, त्याने वाचावं, उत्तर लिहावं. आदल्या दिवशी एक रंगारी आला आणि त्याने आमच्या चौकटींवर पिवळ्या ऑइलपेंटने एकेकाचं नाव घातलं. माझ्या वाट्याला लांबलचक नाव आलं. तीन शब्द, त्यात दोन जोडाक्षरं. चौकटीच्या वरच्या पट्टीत ते मावेना, म्हणून त्याने ते उजवीकडे वळवून खाली उतरवलं. रंगवताना तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होता, म्हणून मला ते पाठ झालं. हे तेवढं लक्षात ठेवा. पुढे याच नावाने माझा जीव टांगणीला लावला.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. एका पाहुण्यांनी खडू घेऊन माझ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आपण आता एकटे नाही’, आणि मला एका माणसाच्या हातात दिलं. पन्नाशीचा माणूस, हाताची बोटं जाड, नखांत काळं पॉलिश. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. अक्षरांकडे समोरून बघितलं, मग मला आडवं करून बघितलं. त्यांना वाटलं, नव्या पाटीवर कोणीतरी रेघोट्या मारून ठेवल्यात. त्यांनी बाहीने मला स्वच्छ पुसलं आणि परत पाहुण्यांच्या हातात ठेवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाला.

या माणसाला वाचता येतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि विचारणार तरी कसं? लिहूनच विचारावं लागलं असतं.

तर अशी मी दुकानात आले. त्यांची पाटी कोरी, आणि माझीही.

दुकान म्हणजे पाच फूट रुंद, चार फूट खोल अशी पत्र्याची टपरी, फुटपाथवर एका लांब भिंतीला टेकून उभी. आत एक लोखंडी साचा, ज्यावर बूट पालथा घालून ठोकायचा. कातडं कापायची रापी, टाके घालायची आरी, खिळ्यांचा डबा, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. डाव्या हाताला किल्ल्या बनवणारे किल्लीवाले. उजव्या हाताला मशीन टाकून बसलेली, काजं-बटणं करणारी काजबाई. काका राहायचे गल्लीतल्याच एका घराच्या मागच्या खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

काकांची एक सवय होती. बूट शिवून झाला की तो हातात घ्यायचा आणि तळव्यावर उघड्या पंजाने तीनदा मारायचं. थाप, थाप, थाप. ही झाली की काम पुरं. तिसरी थाप बसल्याशिवाय बूट कोणाला मिळायचा नाही, मग गिऱ्हाईक एका पायावर उभं का असेना. म्हणून गल्ली त्यांना थापकाका म्हणायची. कागदावरचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. कधी लागलंच नाही. हाक मारून ज्यांना ऐकू जात नाही, त्यांचं नाव घेऊन ठेवायचं कुठे?

एका माझ्या चौकटीला ते नाव ठाऊक होतं. पण पहिल्याच आठवड्यात सोल्युशनचा डबा माझ्या अंगावर कलंडला. चौकट पिवळ्याची तपकिरी झाली, मग त्यावर धूळ बसली, मग पॉलिश, मग आणखी सोल्युशन. नाव आत गाडलं गेलं. काकांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांना ती नक्षी वाटायची.

पहिली गिऱ्हाईक बाई आली ती टाच तुटलेली सँडल घेऊन. तिने खडू उचलला आणि माझ्यावर चार ओळी लिहिल्या. काकांनी मान हलवली, हसले, सगळं पुसलं आणि स्वतः एक सँडल काढली. अगदी हुबेहूब, बक्कलसकट. मग खडू बाईंच्या हातात दिला. बाईंनी टाचेवर फुली मारली. झालं. त्या दिवसापासून गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी माझ्यावर चित्रं काढायला सुरुवात केली, आणि काय सांगू, अशी चित्रं कोणत्याही पाटीच्या वाट्याला येऊ नयेत. एकाने बूट काढला, त्याचं बदक झालं. एकीने चपलेचा तुटलेला अंगठा काढला, काका घाबरून तिच्या पायाकडे बघायला लागले.

एक गाण्याचे मास्तर यायचे. त्यांचा बूट चालताना करकरायचा आणि शिकवणीत सूर बिघडायचा. आता करकर काढून दाखवायची कशी, आणि तीही ज्याला ऐकू येत नाही त्याला? मास्तरांनी खूप विचार करून बुटाखाली एक उंदीर काढला. काकांना वाटलं बूट उंदराने कुरतडलाय. त्यांनी सगळा बूट तपासला, कुरतडलेलं कुठेच सापडेना, तरी माणूस एवढं सांगतोय म्हणून टाचेला एक ठिगळ लावून दिलं. चार दिवसांनी मास्तर परत आले आणि त्यांनी दोन उंदीर काढले. काकांनी आणखी एक ठिगळ लावलं. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी चित्र सोडलं, काकांचा हात धरून बुटाच्या तळव्यावर ठेवला आणि बूट वाकवला. काकांच्या बोटांना ती करकर लागली. त्यांचे डोळे केवढे मोठे झाले. मग ते दोघं इतके हसले की काजबाईने मशीन थांबवलं.

तिथून हातांचं राज्य सुरू झालं. जे चित्रात मावायचं नाही ते हात सांगायला लागले. काकांचे स्वतःचे हात आधीपासून बोलायचे, फक्त ते ऐकणारं कोणी नव्हतं. हळूहळू अख्खी गल्ली शिकली. प्रत्येकाला हाताचं नाव मिळालं. काजबाईचं नाव म्हणजे दोन बोटांची चिमूट आणि एक डोळा बारीक. किल्लीवाल्यांचं नाव म्हणजे नाकापाशी मनगटाचा पीळ, कारण त्यांचं नाक किल्लीसारखंच लांब. काकांचं नाव अर्थातच मुठीवर तीन थापा. रस्त्यावर गाड्यांचा एवढा गोंगाट, पण आमच्या गल्लीत कोणी ओरडायचं नाही. किल्लीवाले इथून हात हलवायचे आणि पलीकडच्या फुटपाथवरून चहा यायचा, साखर किती तीही बरोबर.

भांडणंसुद्धा हातांनी. एकदा काजबाई आणि किल्लीवाले रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून पाऊण तास भांडले. आवाज म्हणून नाही. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि काका मधे दुकानात बसून, टेनिसचा सामना बघावा तशी मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी काजबाईने असं काहीतरी हातवारे करून सांगितलं की किल्लीवाल्यांनी दोन्ही हात खिशात घातले. आमच्याकडे त्याला निरुत्तर होणं म्हणतात.

आणि मी? मी बेकार झाले. माझ्यावर चहाचे ग्लास यायला लागले. दुपारचं ऊन आलं की मला फटीत उभं करायचं. एक अख्खा महिना मी डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली होते. दुसरी कोणी असती तर रुसली असती. मी रुसले नाही, आणि खरं सांगू, मला गुदगुल्या व्हायच्या. माझी गरज संपली याचा अर्थ बाकी सगळ्यांना बोलता येऊ लागलं होतं.

असं छान चाललेलं असताना भिंतीवर एक नोटीस लागली.

काजबाईने ती वाचली आणि हातांनी काकांना सांगितली. फुटपाथ खोदायचा आहे. सगळ्या टपऱ्या उठणार. किल्लीवाल्यांचं आणि काजबाईचं समोरच्या गाळ्यात ठरलं होतंच. अपंगांसाठी याच भिंतीला लागून पक्के गाळे मिळणार होते, काकांचा अर्जही केव्हाच गेला होता. कचेरीबाहेरच्या टायपिस्टने त्यांचे जुने कागद बघून तो भरला होता आणि कागद सगळे अर्जाबरोबर आत गेले होते. आता फक्त पडताळणी. तीन मंगळवार, सकाळी अकरा वाजता हजर राहायचं. नाव पुकारतील. तिन्ही मंगळवारी गैरहजर राहिलं, तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला.

गाळा गेला असता तर काका उपाशी राहिले नसते. बूट कुठेही फाटतात. पण दुसऱ्या कुठल्या गल्लीत त्यांचे हात कोणाला कळणार होते? बारा वर्षं बोलका झालेला माणूस एका दिवसात पुन्हा मुका झाला असता.

पहिल्या मंगळवारी काका एकटेच गेले. मला काखेत मारलं, स्वच्छ शर्ट घातला. कचेरीचं दालन मोठं, बाकं भरलेली, एका टोकाला काचेची खिडकी आणि तिच्यामागे एक मॅडम. छताला कर्णा. मॅडम खिडकीत नाव वाचायच्या आणि ते कर्ण्यातून यायचं. आता मला सांगा, अपंगांच्या पडताळणीत ऐकू न येणारी माणसं असणारच ना? त्यांना कर्ण्यातून हाक मारायची. मी काखेत होते. काकांचं नाव आलं, मी ओळखलं. एकदा, दोनदा, तीनदा. काका पंख्याकडे बघत होते. एक पातं जरा वाकडं होतं, ते सरळ कसं करता येईल याचा विचार करत असावेत. पाच वाजता शिपायाने दालन बंद झाल्याची खूण केली तेव्हा त्याला हसून सलाम करून घरी आले.

“एकटे गेलात कशाला?” काजबाईने हातांनी झापलं. “कान नेले होते का बरोबर?”

“पुढच्या वेळी माझे न्या,” किल्लीवाले म्हणाले. त्यांना आपल्या कानांचा फार अभिमान. कुलपाला कान लावून ते आतली कळ ओळखायचे.

दुसऱ्या मंगळवारी दोघं काकांच्या दोन बाजूंना बसले. काजबाईने पदर कानामागे खोवला. किल्लीवाले डोळे मिटून, मान तिरकी करून कर्ण्याकडे लक्ष देत होते. एकेक नाव येत होतं, एकेक जण उठत होता. आणि मग ते लांबलचक नाव आलं, जोडाक्षरांसकट.

कोणी उठलं नाही.

दुसऱ्यांदा आलं. “कोण बुवा हा?” किल्लीवाले कुजबुजले.

तिसऱ्यांदा आलं. “बघा ना,” काजबाई हळहळली, “बिचाऱ्याचं नशीब. तीन-तीन हाका मारतायत आणि हा बाबा कुठे झोपलाय कोण जाणे. घरचं कोणी सांगणारं नसेल.”

“माणसाला स्वतःच्या कामाची काळजी नको?” किल्लीवाले म्हणाले. “अशांमुळेच सगळ्यांचा खोळंबा होतो.”

आणि तो बाबा दोघांच्या मधोमध बसून त्यांच्याकडे बघून गोड हसत होता. अहो, मी दगडाची, पण त्या वेळी मला घाम फुटला. मी काखेतल्या काखेत ओरडत होते, पण पाटीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

दालन रिकामं झालं तेव्हा दोघं खिडकीपाशी गेले.

“मॅडम, आमच्या काकांचं नाव राहिलं वाटतं,” काजबाई म्हणाली.

“नाव सांगा, बघते.”

काजबाईने किल्लीवाल्यांकडे पाहिलं. किल्लीवाल्यांनी काजबाईकडे पाहिलं.

“थाप,” काजबाई म्हणाली.

“काय?”

“थाप. थापकाका म्हणतो आम्ही.”

मॅडमनी चष्मा वर केला. “बाई, सकाळपासून मला चौघांनी थापा मारल्यात, तुम्ही पाचव्या. खरं नाव काय?”

“खरं हेच,” किल्लीवाले म्हणाले, आणि मुठीवर तीनदा मारून दाखवलं. “असं.”

“हे मी रजिस्टरात कसं लिहू?”

तिघं हात खिशात घालून परत निघाले. मधेच किल्लीवाले थांबले आणि कपाळावर हात मारून घेतला. “ते तीनदा पुकारलेलं नाव आठवतंय का तुम्हाला?”

“मी का आठवू? मला काय माहीत तो झोपलेला बाबा आपलाच असेल म्हणून.”

पुढचा आठवडा गल्लीत नुसती धावपळ. घरमालकाला विचारलं, त्याला ‘मागची खोली’ एवढंच माहीत. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला मागच्या खोलीला कधी पत्रच आलं नाही. काकांना विचारलं, तर त्यांनी मुठीवर तीन थापा मारल्या. “ते नव्हे हो, कागदावरचं,” काजबाईने कागदाची खूण केली. काका आत गेले आणि त्यांच्याकडे कागद म्हणून उरलेला तेवढाच, बायकोचा फोटो घेऊन आले. तो त्यांनी असा धरला होता की पुढे कोणाला काही विचारवेना.

सोमवारी दुपारी काका दुकानात एकटे होते. त्यांना सगळं समजलं होतं. समजत नाही असं नव्हतंच कधी, फक्त ते घाई करायचे नाहीत. त्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. मग मला स्टुलाखालून काढलं, मांडीवर घेतलं आणि रापी हातात घेतली. माझ्या चौकटीवरचं बारा वर्षांचं सोल्युशन ते हळूहळू खरवडायला लागले, अगदी सालीसारखं. मला वाटलं, सुचलं यांना. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. दुकान जाणार, तर पाटीचं काय काम? ज्यांनी दिली त्यांची त्यांना स्वच्छ करून परत करावी.

आणि खालून पिवळं अक्षर निघालं. मग दुसरं. मग जोडाक्षर. माझं अख्खं नाव, म्हणजे त्यांचं नाव, उन्हात चकाकायला लागलं. काका बघत राहिले. त्यांना ती नक्षी फार आवडली. त्यांनी ती तेलाच्या बोटाने पुसून आणखी चकचकीत केली, मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोऱ्याने घट्ट बांधलं.

अशी माझी तऱ्हा. आठवडाभर अख्खी गल्ली जे शोधत होती ते माझ्या अंगावर, आणि मी कागदात.

तिसऱ्या मंगळवारी गल्लीने शटर ओढलं. वीस माणसं निघाली. गाण्याचे मास्तर करकर न करणारे बूट घालून आले. किल्लीवाल्यांनी वाटेत योजना सांगितली. “सोपं आहे. ज्या नावाला कोणी उठणार नाही, ते आपलं. जरा वाट बघायची आणि ओरडायचं, हजर.”

योजना वाईट नव्हती. पण किल्लीवाल्यांना वाट बघण्याचा धीर कुठला? पहिलं नाव आलं, एक आजोबा काठी शोधत होते, तेवढ्यात वीस जण ओरडले, “हजर.” आजोबा काठी उगारून आले. दुसऱ्या नावालाही तेच. तिसरं नाव आलं, अर्धं ऐकलं आणि गल्ली गर्जली, “हजर.”

कर्ण्यात रजिस्टराची पानं सळसळली. मग मॅडमचा आवाज आला. “हे गृहस्थ श्रीमती आहेत का?”

सगळं दालन हसलं. काकांना कारण कळलं नाही, पण वीस माणसं हसतायत म्हणून तेही हसले. मॅडमना मात्र हसू आलं नाही. शिपायाने वीसच्या वीस जणांना दालनाबाहेर काढलं आणि काचेचं दार लावून घेतलं. आत काका एकटे. काचेपलीकडे नाकं चपटी करून चिकटलेली गल्ली.

आणि नेमकं तेव्हा ते नाव आलं. पहिली हाक. दुसरी हाक. काका उठले. मला वाटलं ऐकलं की काय. पण त्यांनी सगळे आपले लोक बाहेर गेलेले पाहिले होते, म्हणजे काम संपलं असा त्यांचा समज झाला. ते संथ पावलांनी खिडकीपाशी गेले, दोरा सोडला, कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला खिडकीच्या खालच्या फटीतून आत सरकवलं. मी थेट रजिस्टरावर जाऊन आडवी झाले. दोन मंगळवारच्या सवयीने मॅडमचं पेन तिसऱ्या हाकेआधीच ‘गैर’ लिहून ‘ह’वर टेकणार होतं, ते माझ्यावर टेकलं.

काकांनी दोन्ही हात जोडून आभार मानले, आणि वळून चालायला लागले.

“अहो, पाट्या परत घ्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे,” मॅडम म्हणाल्या, आणि मला बाजूला सारताना त्यांची नजर चौकटीवर पडली. त्यांनी वरची पट्टी वाचली. मान तिरकी केली, उजवी पट्टी वाचली. आणखी तिरकी केली, खालची वाचली. मग रजिस्टर वाचलं.

“थांबा,” त्या कर्ण्यातून म्हणाल्या. काका चालतच होते. “अहो, थांबा,” त्या खिडकीतून म्हणाल्या. मग आपण कोणाला ओरडतोय हे त्यांना कळलं, त्या खुर्चीवरून उठल्या आणि मला घेऊन दारातून बाहेर आल्या. लोकांनी मॅडमना फक्त खिडकीएवढं पाहिलेलं. त्या एवढ्या उंच आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी मला डोक्यावर उंच धरलं. काचेपलीकडून काजबाईने चौकट वाचली आणि तिचा आ वासला. तिने काचेवर हात आपटून काकांना खूण केली, मागे वळा. काका वळले.

समोर मॅडम. आता यांना हाक कशी मारायची? नियम तीन हाकांचा, दोन झालेल्या, एक उरलेली. त्यांनी काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे वीस माणसं आपापल्या मुठीवर थापा मारत होती. मॅडमनी मला काखेत धरलं, डाव्या हाताची मूठ केली, आणि जरा लाजत, तिच्यावर उजव्या पंजाने मारलं.

थाप, थाप, थाप.

ती तिसरी हाक. काकांनी ती ऐकली. त्यांनी हात वर केला.

मॅडमनी आत जाऊन ‘गैर’वर रेघ मारली.

पुढचं सगळं आनंदाच्या गडबडीत झालं. दार उघडलं, गल्ली आत घुसली, आणि प्रत्येक जण ते नाव पहिल्यांदा म्हणून बघायला लागला. “हे आपल्या काकांचं?” किल्लीवाले म्हणाले. “एवढं मोठं? हे यांना पेलत होतं कसं?” काजबाई म्हणाली, “त्या झोपलेल्या बाबाला मी काय काय बोलले, आता माफी मागायला हवी.” तिने हातांनी मागितली आणि काकांनी तिच्या डोक्यावर थाप मारली, एकच, मऊ. एका साहेबांनी पडताळणीचे प्रश्न विचारायला माझ्यावर चित्र काढलं. दुकानाचं होतं म्हणे. काकांना ती गाडी वाटली, आणि गाडी चालवता येत नाही असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तरी गाळा मिळाला.

आता आम्ही पक्क्या गाळ्यात आहोत. पायरी नाही, उतार आहे, त्यावरून चाकाची खुर्चीही येते आणि मास्तरांची सायकलही. कचेरीत मॅडम आता खिडकीत बसून नावं पुकारत नाहीत, दालनात उतरून माणसासमोर जाऊन उभ्या राहतात. आमच्याकडे त्यांचं हाताचं नाव ठेवलंय, डोक्यावर धरलेले दोन हात. त्या चपला शिवायला आल्या की स्वतःच तसे हात करतात.

माझ्यावर अजून चहाचे ग्लास येतात. माझी काही तक्रार नाही. फक्त एवढंच सांगते. कोणाला काही द्यायचं मनात आलं तर जरूर द्या, पण त्याआधी त्याच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि त्याला काय येतं, काय हवं ते बघा. त्याला स्वतःचं नाव काय वाटतं तेही विचारून घ्या. आणि हात सारखे खिशात घालून हिंडू नका. त्यांना खूप बोलता येतं.

काल काकांना सवड मिळाली. त्यांनी माझा टिचलेला कोपरा सोल्युशनने जोडला, वर कातड्याची पट्टी घेतली, दोन बारीक खिळे मारले. मग पिवळ्या रंगाची डबी काढली आणि चौकटीवर, जिथे ते लांबलचक नाव संपतं, तिथे एक उघडा पंजा काढला. अगदी हुबेहूब, जाड बोटांसकट. आता नाव पुरं झालं.

रंग वाळेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी मला पालथी मांडीवर घेतलं. बारा वर्षांत हजारो बुटांना जे मिळताना मी पाहत होते, ते मला मिळालं.

थाप. थाप. थाप.